युरोपातली रेल्वे: पास घेतला, पण सीटचं काय?

साखरभात
मंडळी, नमस्कार. बरीच वर्षं नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मे महिन्यात आम्ही पाच जण युरोपला निघालोय. मी, नवरा, नऊ वर्षांचे चिरंजीव आणि सासूसासरे. सासरे ७३, सासूबाई ६८ आणि त्यांचे गुडघे कुरकुरतात. ग्रुप टूर नको हा हट्ट सासऱ्यांचाच. "बसमधून उतरा, फोटो काढा, बसमध्ये चढा, हे एकदा केलंय. आता मला आगगाडीच्या खिडकीत बसायचंय," असं त्यांनी जेवताना जाहीर केलं आणि विषय संपला.

बेत असा आहे: पॅरिस चार रात्री, ल्यूसर्न तीन, इंटरलाकेन तीन, व्हेनिस दोन, फ्लोरेन्स दोन, रोम तीन आणि तिथूनच मुंबई. मधलं सगळं रेल्वेने.

नवऱ्याने काल उत्साहाच्या भरात युरेलच्या साइटवर अनेक देशांत चालणारे रेल्वे पास कार्टात टाकले आणि "झालं, आता कुठल्याही गाडीत बसायचं" म्हणून टीव्ही लावला. मी खालची बारीक अक्षरं वाचली तर तिथे सीट रिझर्वेशन वेगळं लागेल असं काहीतरी होतं. तेव्हापासून घरात शांतता आहे. पास म्हणजे तिकीट ना? मग रिझर्वेशन कशाचं? आणि आपल्यासारखं वेटिंग लिस्ट, आरएसी असं काही असतं का तिकडे? सासूबाईंना उभ्याने प्रवास जमणार नाही, म्हणून जरा धास्ती आहे.

चाकरमानी
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. वाखूसा (वाचनखूण साठवली).

खिडकी_नंबर_चार
ताई, मी ३४ वर्षं आरक्षण खिडकीमागे बसून निवृत्त झालो. दोन वर्षांपूर्वी लेकीकडे डेल्फ्टला गेलो तेव्हा माझाही तुमच्या यजमानांसारखाच घोळ झाला होता. लेकीने समजावलं ते डोक्यात शिरेना, मग मी माझ्या भाषेत ताडून पाहिलं आणि एकदम उलगडलं.

डेक्कन क्वीनचा मासिक पास आठवा. पास आहे म्हणून आरक्षित डब्यात जाऊन बसता येतं का? नाही. पासवाल्यांचा डबा वेगळा, आणि तिथेही जागा मिळेल ती आपली. पास म्हणजे भाडं भरलेलं आहे एवढंच. सीट हा दुसरा व्यवहार. आपल्या तिकिटातही हे दोन भाग असतातच, स्लीपरला २० रुपये आणि थ्री एसीला ४० रुपये आरक्षण आकार लावलेला असतो. पण लांब पल्ल्याच्या तिकिटात दोन्ही एकाच कागदावर येत असल्यामुळे आपल्याला तिकीट म्हणजेच सीट वाटायला लागलंय. युरोपात हे दोन कागद सुटे होतात. युरेल पास हे भाडं. सीट कधी सक्तीची, कधी ऐच्छिक, कधी तिचा प्रश्नच नाही. देश कुठला आणि गाडी कुठली यावर ते ठरतं.

वेटिंग आणि आरएसी मात्र विसरा. सीट आहे तर आहे, नाही तर नाही. चार्ट लागायची वाट बघत देवाला साकडं घालायची सोय नाही.

साखरभात
काका, तुमचा प्रतिसाद घरात मोठ्याने वाचून दाखवला. सासरे म्हणाले, "हा माणूस बरोबर बोलतोय." नवरा काही बोलला नाही.

म्युनिकवासी
मी सात वर्षं इकडे आहे, तर गाड्यांची वर्गवारी सांगतो.

जर्मनी, ऑस्ट्रिया आणि नेदरलँड्समधल्या बहुतेक गाड्यांत आरक्षण ऐच्छिक. आयसीईत, म्हणजे जर्मनीच्या वेगवान गाडीत, तुम्ही बिनआरक्षण चढू शकता, रिकामी सीट दिसली की बसायचं. सीटच्या वर किंवा कडेला छोटी पट्टी असते, कुठून कुठपर्यंत आरक्षित आहे ते तिथे दिसतं. सीट राखून ठेवायची असेल तर पाच-साडेपाच युरो वेगळे मोजायचे. शुक्रवार संध्याकाळ आणि रविवार संध्याकाळ या दोन वेळांना ते पैसे वाचवू नका.

फ्रान्सची टीजीव्ही, स्पेनची एव्हीई, इटलीची फ्रेच्चारोस्सा आणि लंडनची युरोस्टार यांत सीटशिवाय चढायचंच नाही. साधं तिकीट काढलं तर सीट त्यातच येते. पण पास असेल तर आरक्षणाचे पैसे वर द्यावे लागतात. फ्रान्समधल्या टीजीव्हीला १० किंवा २० युरो, युरोस्टारला त्याहून बरेच जास्त. खरी मेख पुढे आहे. पासधारकांसाठी जागांचा कोटा असतो. गाडी अर्धी रिकामी असली तरी कोटा संपला की पासवाल्याला सीट नाही.

आणि तिसरा प्रकार म्हणजे रीजनल गाड्या. बहुतेक ठिकाणी आरक्षण नाही, चढा आणि बसा. आपल्या पॅसेंजरसारख्या, फक्त स्वच्छ.

घाटमाथा
पासला इतकं झोडपू नका हो. मी २६ व्या वर्षी युरेलचा युथ पास घेऊन महिनाभर एकटा फिरलो. २७ वर्षांपर्यंत तो स्वस्तात मिळतो. बर्लिन, प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट, साल्झबर्ग. सकाळी उठायचं, पाऊस कुठे नाही ते बघायचं आणि तिकडची गाडी पकडायची. ती मजा आधी काढलेल्या तिकिटात नाही.

एक गंमत सांगतो, यात चूक सर्वस्वी माझीच. बर्लिनहून ड्युसेलडॉर्फला निघालो होतो. इकडे दोन गाड्या जोडून एकच लांब गाडी धावते आणि वाटेत हाम नावाच्या स्टेशनवर सुटी होते, अर्धी वुपर्टाल-कोलोनकडे, अर्धी ड्युसेलडॉर्फकडे. डब्यावर नाव लिहिलेलं होतं, फलाटावरच्या पाटीवरही होतं, डब्यात घोषणाही झाली. मी कानात बोंडं घालून झोपलेलो. जागा झालो तेव्हा खिडकीबाहेर वुपर्टालची प्रसिद्ध लटकती रेल्वे, जी बघायचा माझा बेतच नव्हता. पास असल्यामुळे नवीन तिकीट काढावं लागलं नाही, एवढाच फायदा.

आल्प्सकाकू
साखरभात, घाटमाथाचं त्याच्या जागी बरोबर आहे. पण तो एकटा होता, २६ वर्षांचा होता आणि त्याचे देश वेगळे होते. तुमचे फ्रान्स, स्वित्झर्लंड आणि इटली. यातल्या दोन देशांत पासवर पुन्हा आरक्षणाचा खर्च आहे आणि तिसऱ्या देशाचा स्वतःचा पास युरेलपेक्षा तुमच्या जास्त उपयोगाचा आहे. मी झुरिकजवळ राहते, गेली पंधरा वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्या नातेवाइकांची तिकिटं काढणं हा माझा जोडधंदाच झालाय (फुकटचा).

हिशोब मांडून बघा. तुमचे लांबचे टप्पे पाच: पॅरिस ते झुरिक, ल्यूसर्न ते इंटरलाकेन, इंटरलाकेन ते व्हेनिस व्हाया मिलान, व्हेनिस ते फ्लोरेन्स, फ्लोरेन्स ते रोम. पाच दिवसांचा युरेल पास दुसऱ्या वर्गाला माणशी तीनशे युरोच्या वर जातो. साठीच्या वरच्यांना दहा टक्के सूट आणि मुलाचा पास मोठ्यांबरोबर फुकट. तरी चौघांचे हजार-बाराशे युरो झाले. त्यावर लिरियाला (पॅरिस-झुरिकची टीजीव्ही) पासवाल्यांचं आरक्षण माणशी तीसच्या आसपास, आणि इटलीतल्या प्रत्येक वेगवान गाडीला दहा-तेरा. मुलाचा पास फुकट असला तरी त्याच्या सीटचे पैसे पडतातच, हे कुणी आधी सांगत नाही.

त्याऐवजी लांबची तिकिटं सुटी काढा. जानेवारी चालू आहे, मेचे भाव अजून खाली आहेत. तिकडचे दर विमानासारखे चढतात. आज जी सीट चाळीसला आहे तीच आदल्या दिवशी दीडशेला. इटलीतल्या फ्लोरेन्स-रोमसारख्या टप्प्याला आधी काढलं तर वीस-पंचवीस युरो, ऐन वेळी दुप्पट.

स्वित्झर्लंडपुरता स्विस ट्रॅव्हल पास घ्या. ३, ४, ६, ८ आणि १५ दिवसांचे असतात. त्यात रेल्वे, बस, बोटी सगळं येतं, सोबत ५०० च्या वर संग्रहालयं. ६ ते १५ वयाचा मुलगा आईवडिलांबरोबर फॅमिली कार्डावर फुकट, फक्त पास घेताना ते मागून घ्या. देशातल्या साध्या गाड्यांना आरक्षण लागत नाही. सासरेबुवांनी कुठल्याही खिडकीत बसावं.

एक युक्ती. तुमच्या सहा रात्री म्हणजे कॅलेंडरवर सात दिवस. पण पहिला दिवस लिरियाच्या तिकिटावरच जातो, झुरिक-ल्यूसर्न तेवढं पाऊण-एक तासाचं तिकीट सुटं काढा. पास दुसऱ्या दिवसापासून सुरू केला की सहा दिवसांचा पुरतो आणि निघायच्या दिवशी सीमेपलीकडे दोमोदोसोलापर्यंत चालतो. आठ दिवसांचा घ्यायची गरज नाही.

साखरभात
काकू, तुम्ही देवमाणूस आहात. पास कार्टातून काढले. आता शंका:
ग्लेशियर एक्सप्रेसचं सगळ्यांनी ऐकलंय, ती करावी का? आणि युंगफ्राउला सासूसासऱ्यांना न्यावं का?

आल्प्सकाकू
ग्लेशियर एक्सप्रेस त्सेरमाट ते सेंट मॉरित्झ, साधारण आठ तास. पासमध्ये भाडं येतं, पण आरक्षण सक्तीचं आणि ते वेगळं. तुमच्या मार्गावर ती नाही, मुद्दाम आडवाट करावी लागेल. गुडघेवाल्या माणसाला आठ तास बसवून ठेवू नका. बर्निना एक्सप्रेसचंही तसंच. तिच्याबद्दल मात्र एक सांगून ठेवते, पुढे कुणाच्या कामी येईल. त्याच रुळांवरून साधी रीजनल गाडी जाते, तेच पूल, तीच वळणं, आरक्षण नाही, आणि काही डब्यांच्या खिडक्या उघडतात. पॅनोरामिक गाडीच्या बंद काचेत सगळ्या फोटोंत आपलंच प्रतिबिंब येतं.

तुम्हाला ल्यूसर्न-इंटरलाकेन एक्सप्रेस आपोआपच मिळतेय. दोन तासांत ब्रुनिग खिंड ओलांडून तळ्यांच्या कडेने जाते, पासमध्ये पूर्ण फुकट, आरक्षणाची सक्ती नाही. ल्यूसर्नहून निघताना उजवीकडे बसा. जोडीला रिगी डोंगर, तोही पासमध्ये. फिट्झनाऊहून वर जाणारी दातेरी रुळांची गाडी १८७१ ची, युरोपातली पहिली पर्वतीय रेल्वे. बोटीने फिट्झनाऊ, गाडीने वर. आजीआजोबांना यापेक्षा वेगळं काही लागत नाही.

युंगफ्राउयोख ३४५४ मीटरवर आहे. पासवर वरच्या टप्प्याला २५ टक्के सूट, तरी महाग. दमा, हृदय असं काही असेल तर डॉक्टरांना विचारूनच. आणि ढग असतील तर वर गेल्यावर पांढरा पडदाच दिसतो. सकाळी वरचा वेबकॅम बघून ठरवा, आधीपासून पैसे गुंतवू नका.

पेरूचीफोड
+१. आता बुकिंगच्या वेळी रडवणाऱ्या बारीक गोष्टी.

नाव. आपल्या पासपोर्टात 'गिव्हन नेम'मध्ये स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं अशी दोन नावं असतात. फॉर्मात पहिल्या नावाच्या रकान्यात दोन्ही टाका, पासपोर्टवर आहेत तशीच. अर्धं नाव टाकल्यावर कुणी गाडीतून उतरवल्याचं ऐकलं नाही, पण तपासनीस पासपोर्ट मागतो तेव्हा सासूबाईंना घाम फुटतो.

कार्ड. बँकेच्या अॅपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करा, मर्यादा वाढवा. आणि शक्य तेवढं भारतात असतानाच उरकून घ्या, कारण ओटीपी भारतातल्या नंबरवर येतो. तिकडे जाऊन सिम बदललं आणि जुनं पाकिटात गेलं की बसा.

स्टेशनांची नावं. इटलीच्या रेल्वेच्या साइटवर 'फ्लोरेन्स' किंवा 'व्हेनिस' असं इंग्रजी नाव टाकून चाचपडत बसू नका. फिरेन्झे सांता मारिया नोव्हेला, व्हेनेत्सिया सांता लुचिया, मिलानो चेन्त्राले, रोमा तेर्मिनी, असं लिहायचं. व्हेनिसला मेस्त्रे आणि सांता लुचिया अशी दोन स्टेशनं आहेत. मेस्त्रे जमिनीवर, सांता लुचिया पाण्यापलीकडे, मधे लांबलचक पूल. हॉटेल कुठल्या बाजूला आहे ते बघून तिकीट काढा. इंटरलाकेनलाही ओस्ट आणि वेस्ट आहेत. ओस्ट म्हणजे पूर्व, डोंगरावरच्या गाड्या तिथून. पॅरिसहून तुमची लिरिया गार द ल्योंहून सुटते, गार दु नोर्ला जाऊन उभे राहू नका.

इटलीत दोन कंपन्या आहेत, त्रेनितालिया आणि इतालो. दोघींची तिकिटं एकमेकींच्या गाडीत चालत नाहीत. फलाट तोच, वेळ जवळपास तीच, रंग लाल. बघून चढा.

खिडकी_नंबर_चार
पेरूचीफोड यांनी मुद्द्याचं लिहिलंय. मी भाड्याच्या प्रकारांबद्दल भर घालतो, कारण सूट दिसली की आपण बाकी काही वाचत नाही. इटलीत बेस, इकॉनॉमी आणि सुपर इकॉनॉमी. सुपर इकॉनॉमी सगळ्यात स्वस्त, पण गाडी चुकली तर पैसे गेले, बदल नाही, परतावा नाही. जर्मनीतही सुपर स्पारप्राइस म्हणजे ठरलेल्या त्याच गाडीत बसायचं. आपल्याकडे कन्फर्म तिकीट रद्द केलं तरी थोडेफार हातात येतात, ती सवय तिकडे नेऊ नका.

आपल्याकडे आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी उघडायचं, नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस झालं. सगळ्या देशाला एकच नियम. तिकडे प्रत्येकाचं वेगळं. फ्रान्समध्ये विक्री तुकड्यातुकड्यांनी उघडते, म्हणजे उन्हाळ्याचे दोन-तीन महिने एकाच दिवशी एकदम. तुमची तारीख दिसत नसेल तर गाडी नाही असं समजू नका, विक्री उघडलेली नाही एवढंच.

साखरभात
व्हिसा अजून व्हायचाय. तिकिटं आधी काढावीत की नंतर? तिकिटं काढली आणि व्हिसा नाकारला तर?

म्युनिकवासी
तुमच्या रात्री मोजा. फ्रान्स चार, स्वित्झर्लंड सहा, इटली सात. म्हणजे अर्ज इटलीकडे, जिथे मुक्काम जास्त तिथे करायचा असा शेंगेनचा नियम आहे. (स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही, पण शेंगेनमध्ये आहे. एकाच व्हिसात सगळं येतं.)

तिकिटांचं म्हणाल तर विमान आणि हॉटेल परत करता येण्यासारखं ठेवा. रेल्वेत जे सगळ्यात लवकर महागतं ते म्हणजे पॅरिस-झुरिक, ते बदलता येणाऱ्या भाड्यात काढा. इटलीतले टप्पे व्हिसा आल्यावर. त्यात फारसं बिघडत नाही, गाड्या भरपूर आहेत. स्विस पासचं काही पळून जात नाही, आदल्या दिवशी घेतला तरी तोच भाव.

अजून एक, आणि हे महत्त्वाचं. इंटरलाकेन ते व्हेनिस हा तुमचा सगळ्यात नाजूक दिवस. इंटरलाकेनहून श्पीत्स, तिथून मिलानची युरोसिटी (एका देशातून दुसऱ्यात जाणारी गाडी), मग मिलानहून व्हेनिस. मिलानच्या युरोसिटीला सीट सक्तीची. दोन सुटी तिकिटं काढली तर पहिली गाडी उशिरा आल्यास दुसरीच्या कंपनीचा त्याच्याशी संबंध नाही. एकत्र तिकीट असेल तर पुढच्या गाडीने नेणं ही त्यांची जबाबदारी. सुटीच घेणार असाल तर मिलानला किमान दीड तास ठेवा. तिथे जेवून घ्या, स्टेशनची इमारतच बघण्यासारखी आहे.

उशीर झालाच तर युरोपियन नियमानुसार मुक्कामाला एका तासाहून जास्त उशिरा पोचलात की तिकिटाच्या २५ टक्के, दोन तासांच्या पुढे ५० टक्के भरपाई मागता येते. आमच्याकडे २०२४ मध्ये लांब पल्ल्याच्या फक्त ६२.५ टक्के गाड्या वेळेवर पोचल्या, आणि वेळेवर म्हणजे सहा मिनिटांच्या आत. जर्मन वक्तशीरपणाची पुण्यात ऐकलेली कीर्तनं मी आता हसत ऐकतो.

चाकरमानी
६२ टक्के? आमची ८.१२ ची फास्ट बरी म्हणायची.

घाटमाथा
म्युनिकवासी, तुमच्या चुलतभावाने मागे विचारलेलं, तो तिकडे नोकरीला आहे तर युरेल चालेल का? त्याला नाही चालणार. पास पासपोर्टवर ठरत नाही, राहायचं कुठे त्यावर ठरतो. युरोपात राहणाऱ्याला इंटररेल. देश आणि गाड्या त्याच, फक्त स्वतःच्या देशात एकदा बाहेर पडायला आणि एकदा परत यायला एवढाच वापरता येतो.

आल्प्सकाकू
आणि साखरभात, सासूबाईंच्या गुडघ्यांचं. हमाल कुठे मिळणार नाही आणि डब्यात चढायला दोन-तीन उंच पायऱ्या असू शकतात. पण युरोपियन नियमानुसार मदत मागता येते, फुकट. किमान २४ तास आधी कळवायचं. मिलान चेन्त्रालेला 'साला ब्लू' नावाची खोली आहे, तिथे जाऊन नाव सांगायचं, ते लोक चाकाच्या खुर्चीवरून डब्यापर्यंत नेतात, गरज असेल तर उचलणारं यंत्र लावतात. लाजू नका. आपली माणसं "आम्ही काय आजारी आहोत?" म्हणून नको म्हणतात आणि मग फलाटावर बसकण मारतात.

बॅगा मध्यम आकाराच्या घ्या. पाच माणसांना पाच मध्यम चालतील, दोन अवाढव्य नकोत. टीजीव्हीत आता बॅगांच्या आकारावर आणि संख्येवरही मर्यादा आहे.

साखरभात
सगळं वहीत उतरवलं. नवऱ्याने तक्ता केलाय, त्याला रंगसुद्धा दिलेत. व्हिसा आला की कळवते.

— — —

साखरभात
(जूनमध्ये.) मंडळी, आलो परत. धागा वर काढतेय, कारण तुमचं देणं आहे.

लिरियात सीट्स वेगवेगळ्या डब्यांत येऊ नयेत म्हणून पाचही तिकिटं एकाच व्यवहारात काढली होती, चार जणांची टेबलवाली जागा आणि पलीकडची एक. गार द ल्योंला फलाट क्रमांक गाडी सुटायच्या वीस मिनिटं आधी लागला. तोवर सासऱ्यांनी तीनदा "चुकीच्या स्टेशनवर तर नाही ना?" विचारलं. गाडी सुटली आणि त्यांनी घड्याळ लावून बघितलं, मिनिटाचाही फरक नाही. पुढे डिजॉनपर्यंत गप्प, नाक काचेला. सासूबाईंनी दशम्या आणि लसणाची चटणी काढली. पलीकडची फ्रेंच आजी वास घेत बघत होती, तिला अर्धी दशमी दिली. तिने आम्हाला चेरी दिल्या.

स्विस पास काकूंच्या युक्तीने सहा दिवसांचा घेतला, अगदी बरोबर पुरला. रिगीला दोनदा गेलो. दुसऱ्यांदा सासऱ्यांनी एकट्यानेच, कारण पास आहे तर वसूल करायचा. युंगफ्राउ केलं नाही, तीनही दिवस वर ढग.

मिलानला साला ब्लूची मदत घेतली. सासूबाई आधी रुसल्या. मग त्या लोकांनी खुर्चीत बसवून सगळ्या गर्दीतून सरळ नेलं, तेव्हापासून त्या प्रत्येक स्टेशनवर "इथे नाही का ते निळे लोक?" विचारत होत्या. दीड तास ठेवला होता, त्यात जेवणही झालं.

आता मुख्य प्रसंग. व्हेनिसच्या अलीकडे गाडी मेस्त्रेला थांबली. नवरा बॅगा काढत होता, मी मुलाचे बूट शोधत होते. सासरे दारात होते. कर्जतला वडा घ्यायला उतरावं इतक्या सहज ते खाली उतरले, पाय मोकळे करायला. दार बंद. गाडी निघाली. काचेतून मला ते दिसले, हात हलवत होते, म्हणजे त्यांना वाटलं मी टाटा करतेय.

पुलावरची ती दहा मिनिटं मी पाणी वगैरे काही पाहिलं नाही. सांता लुचियाला उतरून फोन लावतोय तर लागेना. पंधराव्या मिनिटाला पुढच्या रीजनल गाडीतून सासरे उतरले, सोबत एक बंगाली तरुण. तो तिथे हॉटेलात काम करतो म्हणे. दोघांचं मोडक्या हिंदीत छान जमलं होतं. तिकीट काढलं होतं का, हे विचारू नका. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "रीजनलला आरक्षण लागत नाही, असं तुझ्या त्या खिडकीवाल्याने लिहिलंय."

खिडकी_नंबर_चार
मी नाही, ते म्युनिकवासींनी लिहिलं होतं. आणि आरक्षण लागत नाही म्हणजे तिकीट लागत नाही असं नव्हे! निवृत्त माणसाला यात गोवू नका. बाकी सासरेबुवांना नमस्कार सांगा.

म्युनिकवासी
जबाबदारी नाकारतो.

निवडुंग१४
छान धागा, आत्ताच वाचला. आम्ही दोघं डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात प्राग, व्हिएन्ना आणि बुडापेस्ट करतोय. ऑगस्टमध्ये बघितलं तर १० डिसेंबरपर्यंतच्या गाड्या दिसतात, पुढच्या नाहीत. नाताळात गाड्या बंद असतात का?

खिडकी_नंबर_चार
बंद नसतात. युरोपभर वेळापत्रक दरवर्षी डिसेंबरच्या मध्यावर बदलतं, नवीन वेळापत्रक पक्कं होईपर्यंत त्यापुढची विक्री उघडत नाही. थोडे आठवडे थांबा आणि दर दोन-चार दिवसांनी बघत राहा. उघडलं की व्हिएन्ना-बुडापेस्टला पावणेतीन तासांचा रेलजेट (ऑस्ट्रियाची वेगवान गाडी) घ्या. सीट सक्तीची नसली तरी नाताळाच्या आठवड्यात काढून ठेवा.

आणि मधल्या स्टेशनवर खाली उतरू नका.